जांभ्यावरची परसबाग: गोव्यात काय लावावे, कधी आणि कसे

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. एकाच जागी उभ्या असलेल्या झाडाला आधी चार महिने अति पाणी सोसायचे असते आणि मग आठ महिने पाण्याची वाट पाहायची असते. परसबागेसाठी रोपे निवडताना आम्ही पहिली चाळणी हीच लावतो. फूल, फळ, शोभा हे त्याच्यानंतर. जूनमध्ये नर्सरीत टवटवीत दिसणारे गुलाब आणि जर्बेरा ऑगस्टमध्ये काळे पडतात, त्याचे कारण बहुतेक वेळा खतात किंवा औषधात नसते. रोप निवडताना पावसाचा विचारच झालेला नसतो.

काम सुरू होते एप्रिलमध्ये, जमीन पूर्ण वाळलेली असताना. कुदळ आणि दोन बादल्या पाणी एवढेच लागते. जिथे लागवड करायची तिथे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा काढायचा. तो काठोकाठ भरून सगळे पाणी जिरू द्यायचे आणि लगेच पुन्हा भरायचा. पहिले पाणी कोरडी माती पिऊन टाकते, म्हणून ते मोजायचे नाही. दुसऱ्या पाण्याची पातळी तासाला ५ सेंटिमीटर किंवा जास्त उतरली, तर त्या जागी फळझाड लावता येते. २ सेंटिमीटरही उतरली नाही, तर खाली सलग कातळ आहे किंवा चिकण थर आहे, आणि तिथे खड्डा करून झाड लावणे म्हणजे जुलैमध्ये त्याला टाकीत उभे करणे. परसात अशी चाचणी किमान तीन ठिकाणी करावी. घराच्या मागे जांभा मोकळा आणि पुढच्या अंगणात दहा पावलांवर सलग कातळ, असे सर्रास आढळते.

जमिनीचे ढोबळ तीन प्रकार समोर येतात. डोंगरउतारावर आणि सड्यावर (कातळाच्या पठारावर) तांबडी जांभ्याची माती, कळंगुट ते कोलवा या किनारी पट्ट्यात रेती, आणि खाजनांच्या (खाडीचे खारे पाणी बांधाने अडवलेल्या सखल जमिनींच्या) कडेला खारवट चिकणमाती. रेतीला पाणी आणि खत दोन्ही टिकत नाही, म्हणून तिथे चौरस मीटरला १० किलो कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत घालावे लागते आणि तेही दरवर्षी. नारळ, चिकू, काजू, रताळी, अळसांदे (चवळी) ही तिथली भरवशाची पिके. खाजनाजवळ जमिनीपेक्षा विहिरीच्या पाण्यावर लक्ष ठेवावे. एप्रिल-मेमध्ये पाणी खारे होते आणि पानांच्या कडा बाहेरून आत करपत येतात. अशा वेळी खत वाढवले तर मीठ आणखी वाढते. त्या दोन महिन्यांसाठी दुसरे पाणी शोधणे किंवा त्या काळात भाजीचे वाफे रिकामे ठेवणे हाच उपाय.

सगळ्यात जास्त कस लागतो तो नव्या घराच्या परसात. बांधकामासाठी वरची माती खरवडून नेलेली असते, खाली उघडा जांभा आणि वर सिमेंट, चुना, विटांचे तुकडे. जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, पण जोत्याच्या कडेला सिमेंट मिसळून ती उलट अल्कधर्मी झालेली असते. याची खूण पिटकोळी (इक्झोरा) फार छान दाखवते: कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. मातीतले लोह त्या झाडाला घेता येत नाही म्हणून असे होते. जोत्यापासून दोन फुटांपर्यंतची माती काढून टाकून दुसरी भरली की नवी पालवी हिरवी येते. एकाच परसात एका कोपऱ्यात चुना घालायची गरज असते आणि दुसऱ्या कोपऱ्यातला काढायची, म्हणून मातीचे नमुने वेगवेगळे काढून कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात द्यावेत. सगळी माती एकत्र करून दिली तर सरासरी आकडा मिळतो आणि तो कुठल्याच वाफ्याला लागू पडत नाही.

सामू (pH, मातीच्या आंबटपणाचा आकडा) ५.५ च्या खाली असेल तर चौरस मीटरला २०० ग्रॅम शेतीचा चुना किंवा डोलोमाइट मातीत वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये मिसळतो. हे मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायचे आणि हलके पाणी शिंपडायचे. शेणखत त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी. चुना आणि शेणखत एकाच दिवशी कालवले की खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो, त्याचा वास नाकाला झोंबतो. चुलीची राख मिळत असेल तर तीही उत्तम, चौरस मीटरला एक मूठभर, साधारण ५० ग्रॅम. राखेत पालाश असते आणि आंबटपणाही उतरतो. पिटकोळी आणि अननसाला मात्र राख घालू नये. जांभ्यातले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवते आणि झाडाला मिळू देत नाही. म्हणून स्फुरद वरून शिंपडण्यापेक्षा हाडांचा चुरा किंवा रॉक फॉस्फेट शेणखतात कालवून थेट मुळाजवळ द्यावे.

जिथे खड्ड्यातले पाणी उतरत नाही तिथे खाली न खणता वर चढायचे. चिऱ्यांचे वाफे गोव्यात सगळ्यात सोयीचे. चिरे सुमारे ९ इंच उंचीचे रचले तर दोन थरांत दीड फूट माती मिळते आणि भाजीला ती भरपूर होते. रुंदी ४ फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर मधले तण काढायला वाफ्यात पाय द्यावा लागतो आणि माती दबते. चिऱ्यांच्या सांध्यात सिमेंट भरू नये आणि तळच्या थरात दर दोन-तीन चिऱ्यांनंतर दोन बोटांची फट सोडावी. हे न केलेले सुबक, गिलावा केलेले वाफे जुलैत डबकी होतात. तळाला नारळाची सोडणे, म्हणजे सोललेल्या नारळाच्या काथ्याच्या साली, पोकळ बाजू वर करून दोन थरांत मांडायच्या, प्रत्येक थरावर माती. पावसात त्यांच्यामुळे तळाशी हवा खेळते आणि मार्चमध्ये त्यांनी धरलेला ओलावा मुळांना मिळतो. माती भरताना दोन घमेली तांबडी माती, एक घमेले शेणखत, एक घमेले कुजलेला पालापाचोळा हे प्रमाण आम्ही धरतो. पावसात माती खाली बसते, म्हणून काठाच्या वर चार बोटे भरावी.

माती होईपर्यंत ऊनही पाहून घ्यायचे. हा भाग बहुतेक जण सोडून देतात, पण गोव्याला तो फार महत्त्वाचा आहे. आपण साडेपंधरा अक्षांशावर आहोत. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला बराच कलतो आणि ६ मीटर उंच घराची दुपारची सावली उत्तरेला सुमारे ५ मीटर पडते. म्हणजे घराच्या उत्तरेची पट्टी पावसाळी पिकांना चालते, पण वायंगणी, म्हणजे पावसानंतरच्या हंगामातल्या, भाजीला तिथे ऊन मिळत नाही. मेमध्ये जागा पाहून तिथे नोव्हेंबरची वांगी लावली की झाडे उंच वाढतात आणि फळ धरत नाहीत. दोडकी, घोसाळी, पडवळ, हळद उत्तरेला. तांबडी भाजी (लाल माठ), मुळा, नवलकोल, वांगी, मिरची दक्षिणेला आणि पूर्वेला. पश्चिमेच्या भिंतीशी मार्चपासून दुपारचे ऊन भाजून काढते, तिथे केळी लावावी.

आता मोठी झाडे. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे झाड तोडायला परवानगी लागते, तेव्हा आधी अंतर मोजून मगच लावणे शहाणपणाचे. फणस ३०० चौरस मीटरच्या प्लॉटमध्ये लावूच नये. नारळाला नारळापासून साडेसात मीटर आणि भिंतीपासून किमान ४ मीटर. पोफळीला पावणेतीन मीटर, केळीला २, शेवग्याला ३, लिंबाला ५, कढीपत्त्याला दीड ते दोन मीटर. मानकुराद आंब्याचे कलम छाटणीत ठेवले तर ५ मीटरमध्ये भागते. त्याची दरवर्षी आंबे काढून झाल्यावर, पाऊस जोर धरण्याआधी, मधली वर जाणारी एखाद-दुसरी फांदी काढून उंची ४ मीटरच्या आत ठेवावी. मोठ्या झालेल्या आंब्याला ऑक्टोबरपासून फळ धरेपर्यंत पाणी देऊ नये. शेजारी हिरवळ असेल आणि तिला रोज फवारा चालू असेल, तर त्या आंब्याला मोहोराऐवजी पालवी फुटते. आंब्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांना आम्ही पहिला प्रश्न हिरवळीचाच विचारतो.

भिरंड, म्हणजे कोकम, प्रत्येक गोमंतकीय परसात असावे असे मनापासून वाटते. सावलीत होते, पाऊस सोसते, कीड फारशी नाही. पण बियांपासूनच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षे जातात. म्हणून कलमच घ्यावे: कोकण अमृता, कोकण हातीस या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती आहेत, शिवाय गावातल्या चांगल्या झाडाचे कलम बांधून मिळाले तर त्याहून उत्तम. कलम घेताना त्याचा शेंडा सरळ वर जातो आहे का हे पाहावे. आडव्या फांदीवरून काढलेले कलम जन्मभर जमिनीलगत पसरते, खोड धरतच नाही. जायफळातही नर-मादी वेगळे असतात, तिथेही हाच नियम. कुठल्याही कलमाची पिशवी फाडून पाहावी असे नाही, पण तळाच्या भोकातून जाड मूळ बाहेर येऊन वळलेले असेल तर ते घेऊ नये. सांध्याच्या खालून फूट आली असेल तर ती खुंटाची, लगेच खुडायची.

जागा फारच कमी असेल तर झुडपी मिरी. मिरीच्या वेलाची जमिनीवर धावणारी फांदी लावली तर वेल होतो, आणि ज्यांवर घोस धरतात त्या आडव्या फांद्या मुळे फोडून लावल्या तर कुंडीत मावणारे झुडूप. १२ इंचांच्या कुंडीत ते बरीच वर्षे सुखाने राहते आणि पणजी-मडगावच्या गॅलरीतही घरापुरती मिरी देते.

फळझाडांचे खड्डे मेमध्ये काढून ठेवायचे, ६० सेंटिमीटर घन. जांभा कडक असेल तर नारळासाठी १ मीटर. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, आणि भरताना वरचीच आधी. खड्ड्याला १० किलो शेणखत, अर्धा किलो हाडांचा चुरा, अर्धा किलो निंब पेंड. पेंडीमुळे वाळवी थोडी आटोक्यात राहते. मृग लागून चार-पाच सरी झाल्या की उताराच्या जमिनीत लागवड. सपाट आणि ओल धरणाऱ्या जागी मात्र घाई नको, तिथे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. रोप नेहमी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच बसवावे, म्हणजे पावसाळ्यात ढिगावर राहते. उन्हाळ्यात त्याभोवती आळे करून घेता येते. पपईला तर फूटभर उंच ढीग हवाच, कारण मुळाशी दोन दिवस पाणी तुंबले की पपई खोडापासून कुजते. पपई आम्ही जूनला लावतच नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरला लावतो. शेवग्याची काठी लावताना वरच्या कापावर शेणाचा गोळा बसवावा, नाहीतर पाणी आत शिरून ती वरून सडत येते.

पावसाळी वेलवर्गात घरच्या बागेचा खरा आनंद असतो. मृगाला पेरलेली काकडी, घोसाळी, चिबूड चतुर्थीच्या माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला) बरोबर तयार होतात. वेलासाठी दीड ते दोन मीटरवर दीड फूट खोल खड्डा, त्यात दोन घमेली शेणखत, आणि वर पुन्हा वीतभर ढीग. ढिगावर चार-पाच बिया, उगवल्यावर दोन जोमदार रोपे ठेवायची. बी पेरताना ढीग पालापाचोळ्याने झाकला नाही तर जोराच्या सरीने बियाही वाहून जातात. मांडव ६ फूट उंच हवा, खालून चालता आले पाहिजे आणि फळे सुटी लोंबली पाहिजेत. पडवळाच्या टोकाला लहानसा खडा बांधला की ते सरळ वाढते.

वेल फुलांनी भरला पण फळ धरत नाही, ही जुलैतली नेहमीची अडचण. पावसात मधमाश्या फिरत नाहीत आणि पराग भिजतो. तेव्हा हाताने परागीकरण करावे लागते. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते, नर फुलाला नुसते देठ. नर फूल खुडून, पाकळ्या मागे दुमडून, त्यातला पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायचा. वेळ मात्र वेलागणिक वेगळी: काकडी आणि घोसाळे सकाळी, दोडका संध्याकाळी पाचनंतर, दुधी संध्याकाळी, पडवळ रात्री. दोडक्याच्या वेलाशी सकाळी आठ वाजता गेले तर काल फुललेले फूल मिटलेले असते आणि मेहनत फुकट जाते.

फळ धरले की दोन-तीन दिवसांत त्याला कागदाची किंवा पातळ कापडाची पिशवी बांधायची. फळमाशी कोवळ्या फळालाच टोचते. फळ वाकडे होते, डिंकाचा थेंब दिसतो आणि आत अळ्या. औषध मारून त्या मरत नाहीत, कारण त्या फळाच्या आत आहेत. किडके फळ वेलाखाली टाकू नये. अळी तिथेच जमिनीत जाऊन कोष करते. घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उन्हात ठेवावे, किंवा दोन फूट खोल पुरावे. फळमाशीला ओढणाऱ्या आमिषांपैकी वेलवर्गाला क्यू-ल्यूरचा सापळा आणि आंब्याला मिथाइल युजेनॉलचा. दोन्हींची अदलाबदल केली तर एकही माशी सापडत नाही.

आफ्रिकन गोगलगायी आता गावोगाव झाल्या आहेत. काळोख पडल्यावर ओल्या गोणपाटाखाली पपईची पाने ठेवायची, पहाटे सगळ्या तिथे गोळा झालेल्या असतात. त्या दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्या. उघड्या हाताने धरू नयेत, त्यांच्या चिकट द्रवातून माणसाला बाधणारे सूक्ष्म जंत येऊ शकतात. मीठ बादलीतच, वाफ्यावर नाही.

हळद मेअखेर लावली की श्रावणात पातोळ्यांपुरती पाने निघतात. वीतभर अंतर, दोन इंच खोल. एका झाडाची दोनपेक्षा जास्त पाने घेऊ नयेत, गड्डा बारीक राहतो. आले मात्र साचलेले पाणी अजिबात सोसत नाही, ते उंच वाफ्यात किंवा गोणीत. सुरणाचा डोळ्यासकट अर्धा किलोचा तुकडा एप्रिल-मेमध्ये पुरावा आणि पान पिवळे पडून आडवे होईपर्यंत त्याला हात लावू नये. सात शिरांची भेंडी माणसापेक्षा उंच होते, तिला दोन्हीकडे दोन-दोन फूट अंतर द्यावे. बाजारातल्या संकरित भेंडीचे अंतर तिला पुरत नाही. अळू जिथे मोरीचे पाणी जाते तिथे.

आता वांगी, मिरची, टोमॅटो. यांच्याबाबतीत गोव्यात ज्याने सगळ्यात जास्त परसबागा रिकाम्या केल्या तो जिवाणूजन्य मर रोग. फळे धरलेले हिरवेगार झाड दुपारी अचानक मान टाकते, रात्री थोडे सावरते आणि दोन-तीन दिवसांत उभ्याउभ्या मरते. पाने पिवळी पडतच नाहीत. लोक पाणी कमी पडले समजून आणखी पाणी घालतात आणि रोग शेजारच्या झाडाकडे वाहून जातो. खात्री करायची रीत सोपी आहे. झाड उपटून मुळाच्या वर चार बोटांवर खोड धारदार सुरीने कापायचे. कापाच्या आत तपकिरी रेषा दिसतात. तो तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात, कापलेले टोक पाण्यात बुडेल असा धरायचा, हलवायचा नाही. रोग असेल तर दोन ते पाच मिनिटांत कापातून दुधट धागे सरळ खाली उतरू लागतात. ते जिवाणूंचे लोंढे. धागे आले नाहीत तर कारण दुसरे, बुरशी किंवा वाळवी शोधावी.

धागे दिसले की त्या झाडाला औषध नाही. झाड मुळांच्या मातीसकट काढून जाळावे, खड्ड्यात चुना टाकावा, सुरी आणि कुदळ धुऊन उन्हात ठेवावी. त्या वाफ्यात तीन वर्षे वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा नको. तोवर मका, तांबडी भाजी, भेंडी, काकडी घ्यावी. जात निवडतानाच हे टाळता येते. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने या रोगाला टिकणाऱ्या वांग्याच्या जाती काढल्या आहेत, दापोलीची कोकण प्रभा आहे, आणि टोमॅटोत बंगळूरची अर्का रक्षक. अगशीचे किंवा ताळगावचे वांगे हवेच असेल, आणि ते हवेच, तर ते रानवांग्याच्या खुंटावर कलम करून लावावे. दोन्ही रोपांची खोडे पेन्सिलीच्या शिशाहून किंचित जाड झाली की खुंटाला मध्ये चीर द्यायची, वरच्या रोपाचे टोक पाचरीसारखे तासून त्यात बसवायचे, प्लॅस्टिकच्या चिमट्याने धरायचे आणि आठवडाभर ओलसर सावलीत झाकून ठेवायचे. रानवांगे उगवायला आणि वाढायला मंद, म्हणून ते तीन-चार आठवडे आधी पेरावे लागते.

काणकोणच्या खोला मिरचीला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिच्या रोपांना मागणी खूप वाढली आहे. ती मुळात डोंगरउतारावरची, पावसाच्या पाण्यावर होणारी मिरची आहे. सपाट अंगणात जून-जुलैला लावून ती जगत नाही. तिला उतार किंवा चिऱ्यांचा उंच वाफा, नाहीतर मोठी कुंडी आणि वर पारदर्शक पत्रा.

हस्त नक्षत्र सरता सरता वायंगणाची तयारी. पावसाने खत धुऊन गेलेले असते, म्हणून वाफ्यात पुन्हा चौरस मीटरला ४-५ किलो शेणखत. जुलैत खत देणे म्हणजे ओढ्याला देणे; फळझाडांनाही एक हप्ता जूनमध्ये आणि दुसरा सप्टेंबरअखेर एवढेच. तांबड्या भाजीचे बी चौरस मीटरला १ ग्रॅम, ओंजळभर कोरड्या वाळूत कालवून फोकायचे म्हणजे दाट पडत नाही. मुंग्या बी ओढून नेतात, वाफ्याच्या कडेने राखेची रेघ ओढावी. पंचवीस ते तीस दिवसांत मुळासकट उपटायला येते. पानाच्या पाठीवर पांढरे फोड दिसले तर तो पांढरा तांबेरा. विरळणी करावी, पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे. नवलकोल एक फूट बाय वीतभर अंतरावर, गड्डा चेंडूएवढा झाला की काढायचा, उशीर झाला की दोऱ्या होतात.

पाण्याचा हिशेब चौरस मीटरवर धरावा. डिसेंबरात भाजीला रोज ४ लिटर, एप्रिलमध्ये ६. आच्छादन असेल तर बरेच कमी लागते. जानेवारी-फेब्रुवारीत आंबा, काजू, फणसाची पाने गळतात आणि गावोगाव ती पेटवली जातात. ते पाहून जीव तुटतो, कारण हाच पाला चार बोटे जाड पसरला की एप्रिलचे ऊन मातीपर्यंत पोचत नाही. खोडाला मात्र तो चिकटू देऊ नये, वाळवी चढते.

फुलझाडांत मोगरा, जाई, तगर, जास्वंद, सोनचाफ्याचे कलम ही गोव्याची. अबोलीला अर्धी सावली आणि निचरा, दर दोन-तीन वर्षांनी नवी रोपे. शेवंतीची मातृरोपे पावसाळाभर वळचणीखाली जपावी, ऑक्टोबरात शेंडे खुडून लावावी.

मेअखेर, पाऊस येण्याआधी पोफळ, मिरी आणि लिंबावर एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) फवारतो. १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्या. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात सावकाश ओतायचे, ढवळत राहायचे. मग चकचकीत लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहायचा. त्यावर तांबूस पुट चढले तर पाने जळतील, आणखी चुन्याचे पाणी घालायचे. खिळा तसाच राहिला की मिश्रण तयार, आणि ते त्याच दिवशी संपवायचे. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप साधून दुसरी फवारणी.

बी घरचे ठेवावे. भेंडीचे आणि वांग्याचे परपरागीकरण होते, म्हणून बियाण्यासाठी निवडलेल्या फुलाला उमलण्याआधी संध्याकाळी मलमलची पिशवी बांधावी आणि फळ धरल्यावर काढून तिथे दोरा बांधून ठेवावा, म्हणजे ते चुकून भाजीत जात नाही. भेंडी झाडावरच वाळू द्यावी, वांगे पिवळे पडून मऊ झाल्यावर काढावे. बी सावलीत वाळवून दाताखाली कडक तुटते का पाहावे. नुसते दबले तर अजून ओल आहे. चाळलेली कोरडी राख मिसळून काचेच्या बाटलीत, झाकण मेणाने बंद करून, जात आणि वर्ष लिहून कपाटात ठेवावे. पावसाळ्यात ती बाटली उघडू नये. पेरणीसाठी लागणारे बी मेअखेरीलाच वेगळे काढून घ्यावे.